लेबलला गाणी द्यावीत की स्वतःच काढावीत? (करार समोर आहे, सल्ला हवा)

मिरजकर_तंबोरा

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो.

आम्ही चौघं. मी पेटी वाजवतो आणि चाली करतो, एक गायिका, एक तबला-ढोलकीवाला, एक गिटारवाला. मिरज-सांगलीकडचे, सगळेच नोकरी-धंदा सांभाळून. एका कवीमित्राच्या सात कवितांना चाली लावल्या आणि पुण्यात स्टुडिओ घेऊन रेकॉर्डिंग केलं. वादक, मिक्सिंग, मास्टरिंग धरून पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. सगळे आमच्या खिशातून.

आता एका मराठी म्युझिक लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, करार आलाय. नाव लिहीत नाही. सातही गाण्यांचे सर्व हक्क त्यांना, जगभर, कायमचे, "सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसह". ते एका गाण्याचा व्हिडिओ करणार, त्याचा खर्च आधी वसूल करणार, मग उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के आम्हा सगळ्यांना मिळून. हीच गाणी पाच वर्षं पुन्हा रेकॉर्ड करायची नाहीत. आणि आमच्या पुढच्या दहा गाण्यांवर पहिला हक्क त्यांचा.

त्यांच्या चॅनलला काही लाख सबस्क्रायबर आहेत. आमच्या चॅनलला चारशेच्या घरात, त्यातही निम्मे नातेवाईक.

गायिका म्हणते सही करू, निदान लोक ऐकतील. गिटारवाला म्हणतो स्वतःच सगळीकडे टाकू. मी अधेमध्ये लोंबकळतोय. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगा.

टवाळ_तात्या

"भविष्यात येणारी सर्व माध्यमं" म्हणजे चंद्रावर दिवाळी पहाट झाली तरी पैसे त्यांचे. सही करण्याआधी मंगळ तेवढा वगळून घ्या.

कलम_कसाई

मी कॉपीराइटचंच काम करतो. सल्ला फुकट आहे, तेव्हा किंमतही तेवढीच धरा आणि सहीआधी कागद घेऊन कुणाकडे तरी प्रत्यक्ष जा.

कायद्याला गाणं ही एक वस्तू दिसत नाही, तीन दिसतात. शब्द कवीचे, चाल तुमची, आणि तिसरं ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. मास्टरचा मालक निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग घडवून आणलं तो. पैसे तुमचे, स्टुडिओ तुम्ही घेतलात, वादक तुम्ही बोलावलेत. म्हणजे आज मास्टर तुमचा आहे. लेबल तुम्हाला काही देत नाहीये, तुमच्याकडून घेतंय. बोलणी करताना त्याच तोऱ्यात बसा.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत तिच्यासाठी भांडत होते ती. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा सोडूनच देता येत नाही. सोडला असं लिहून दिलं तरी ते कलम रद्दबातल. देता येतो तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. तेव्हा ते २० टक्के कशाचे, हे आधी विचारा. मास्टरच्या कमाईचे असतील तर तो सौदा आहे, पटला तर घ्या. शब्द आणि चालीची रॉयल्टीही त्यातच गुंडाळली असेल तर ते चालणार नाही.

आणखी एक. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर "कायमचे" आणि "जगभर" एवढं आवर्जून लिहितात. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते मूळ माणसाकडे परत येतात, पण करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच. तुमच्या करारात ते "वेगळं काही" कुठेतरी असेलच, शोधा. सात गाणी घ्यायची, एकाचा व्हिडिओ करायचा आणि सहा कपाटात टाकायची, हे फार चालतं.

पडद्यामागचा

लेबलला राक्षस ठरवायच्या आधी दुसरी बाजूही ऐका. मी काही वर्षं एका लेबलात होतो.

दहा गाणी काढली की एखादं चालतं, आणि त्या एकाने बाकी नऊंचा खड्डा भरायचा असतो. व्हिडिओला कॅमेरा, नृत्य, लोकेशन, एडिटिंग, सगळं रोख लागतं. कलाकाराला वाटतं माझं गाणं तर चाललं, मग माझे पैसे कुठायत? ते शेजारच्या न चाललेल्या गाण्यात गेलेले असतात. आणि चॅनलचा फायदा खरा आहे. नवं गाणं पहिल्याच दिवशी अनोळखी माणसांसमोर जातं, जे चारशे सबस्क्रायबरच्या चॅनलवर होत नाही. कॉलर ट्यून, टीव्ही चॅनल, रीलसाठीची ऑडिओ लायब्ररी, इथे लेबलच्या ओळखी असतात.

पण "कायमचे" का मागतात तेही सांगतो. लेबलची मालमत्ता म्हणजे त्याचा कॅटलॉग. उद्या कंपनी विकायची झाली तर किंमत कार्यालयाची होत नाही, गाण्यांची होते. त्यामुळे ते मागणारच. आणि पहिला मसुदा कुणी जसाच्या तसा सही करेल अशी अपेक्षा लेबललाही नसते. करतात लोक, ही वेगळी गोष्ट. तुम्ही हक्क विकू नका, मुदतीने वापरायला द्या. पाच-सात वर्षं. मोठी लेबलं ऐकत नाहीत, मधली ऐकतात.

ऊसपट्टा

मला गाण्यातलं काही कळत नाही, करार कळतात. आमच्या भागात ऊसतोडीला मुकादम उचल देतो. हंगाम संपतो, उचल काही फिटत नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. तुमच्या करारातलं "व्हिडिओचा खर्च आधी वसूल" आणि "पुढच्या दहा गाण्यांवर पहिला हक्क" ही दोन कलमं एकापाठोपाठ वाचा.

एका व्हिडिओचा खर्च एकाच गाण्याच्या कमाईतून वळता करणार की सातही गाण्यांच्या? हे लिहून घेतलंय का?

पडद्यामागचा

@ऊसपट्टा, म्हणे गाण्यातलं कळत नाही! हाच खरा प्रश्न आहे. सातही गाण्यांच्या कमाईतून वळता करतात, बहुतेक वेळा. शिवाय "निव्वळ" म्हणजे कशाकशाची वजावट करून, त्याची यादी करारातच हवी आणि खर्चाला वरची मर्यादा हवी. मी असा हिशेब पाहिलाय ज्यात शूटिंगच्या चहा-नाश्त्याशेजारी "प्रमोशन" अशी एकच मोघम ओळ होती आणि तीच सगळ्यात मोठी रक्कम होती.

टवाळ_तात्या

ते प्रमोशन कलाकाराचं नसेल, मॅनेजरचं असेल.

जत्रेतला_भोंगा

माझे वडील शाहिरी करायचे, भीमगीतंही गायचे. ऐंशीच्या दशकात त्यांच्या कॅसेट निघाल्या. स्टुडिओत सकाळी जायचं, वादक तिथलेच, दुपारपर्यंत आठ गाणी संपवायची. निघताना पाकीट आणि व्हाउचरवर सही. रॉयल्टी हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता.

त्या कॅसेट जत्रेत विकल्या गेल्या, एसटी स्टँडबाहेरच्या टपऱ्यांवर वाजल्या. मग त्याच गाण्यांची सीडी आली. मग मोबाइल आले आणि आमच्याच गल्लीतल्या पोराला फोन लावला तर वडिलांचा आवाज, कॉलर ट्यून म्हणून. आता यूट्यूबवर आहेत, लाखोंनी व्ह्यूज. वडिलांचं नाव काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नुसतं "पारंपरिक".

वडील याबद्दल कधी कडवट बोलले नाहीत. कॅसेटमुळे नाव झालं, नाव झाल्यामुळे कार्यक्रमांच्या सुपाऱ्या मिळाल्या, घर त्यावर चाललं, असा त्यांचा हिशेब. मला तो पटत नाही. पण तेव्हा त्यांनी सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती आणि वडिलांचा आवाज आमच्या तालुक्याबाहेर गेला नसता, हेही खोटं नाही.

कलम_कसाई साहेब, त्या वेळी यूट्यूब नव्हतंच. मग तो हक्क कंपनीकडे गेला कसा?

कलम_कसाई

@जत्रेतला_भोंगा, २०१२ नंतरच्या करारांसाठी कायदा स्पष्ट आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क त्याचं नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. जुन्या करारांना हे तसंच लागू होत नाही. तिथे कागदावर नेमकं काय लिहिलंय यावर सगळं ठरतं, आणि कधीकधी कागदच नसतो, नुसतं व्हाउचर असतं. व्हाउचर म्हणजे हक्कांचं हस्तांतर नव्हे, त्यासाठी सही असलेला लेखी करार लागतो. घरात जुन्या ट्रंकेत वगैरे काही सापडतंय का बघा.

वडिलांनी शब्द किंवा चाली स्वतः केल्या असतील तर आयपीआरएसकडे चौकशी कराच. ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची सोसायटी, १९६९ ची. वारसांनाही सभासद होता येतं. "पारंपरिक" असं लागलेलं नाव बदलून घेणं हे तिथलं पहिलं काम.

वारकरी_वहिनी

थोडं अवांतर होतंय, पण विचारतेच. आमचं भजनी मंडळ आहे. तुकाराम महाराजांचा अभंग आम्ही आमच्या आवाजात, आमच्या टाळ-पखवाजावर म्हणून यूट्यूबवर टाकला. दोन दिवसांत नोटीस, कुठल्याशा कंपनीचा दावा. तुकोबांच्या अभंगावर कसला आलाय कॉपीराइट?

कलम_कसाई

वहिनी, अभंगाच्या शब्दांवर नाहीच. पण चाल कुणाची म्हटलीत? पारंपरिक असेल तर दावा हाणून पाडा. यूट्यूबवर त्यासाठी सोय आहे, आक्षेप नोंदवा. पण लताबाईंनी गायलेले तुकोबांचे अभंग ज्या चालीत आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेत ती चाल श्रीनिवास खळ्यांची आहे. चालीचा कॉपीराइट संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. खळेकाका २०११ साली गेले, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. शब्दांनाही हाच नियम. गदिमा १९७७ ला गेले, त्यांचे शब्द २०३७ पर्यंत. बाबूजी २००२ ला गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. म्हणजे गीतरामायण आपल्या हयातीत तरी मोकळं होत नाही.

जुनं गाणं नव्याने गाऊन काढायला कायद्यात तरतूद आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली हवीत, मालकाला आधी कळवायला हवं, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ. तबकड्या आणि कॅसेट डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम. भजनी मंडळाला तो काय कामाचा?

टवाळ_तात्या

म्हणजे पंढरीनाथ मोकळा, चाल मात्र गहाण. वहिनी, तुम्हीच लावा नवी चाल.

वारकरी_वहिनी

लावली असती हो तात्या. पण नव्या चालीवर मंडळातल्या निम्म्या बायका गप्प बसतात.

कर्वेरोडी

अवांतर चालूच आहे तर माझंही एक. पुण्यात कर्वे रोडवर अलूरकर म्युझिक हाऊस होतं, आठवतंय का कुणाला? मोठमोठ्या गवयांच्या खासगी मैफिलींची ध्वनिमुद्रणं त्यांनी कॅसेटवर आणली. मोठ्या कंपन्यांनी हात लावला नसता असलं गाणं. दुकानात शिरलं की मालकच विचारणार, काय ऐकलंयस, आणि त्यावरून ठरणार तुला काय द्यायचं. आज ज्याला इंडी, म्हणजे स्वतंत्र छोटं लेबल म्हणून मिरवतात ते हेच की.

आणखी मागे गेलं तर १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननी रेकॉर्डिंग केलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. का, तर तबकडी छापली जायची जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिराला कळावं हा आवाज कुणाचा. श्रेयनामावलीची चिंता तेव्हापासूनची आहे.

खोलीतला_स्टुडिओ

श्रेयनामावलीवरून थेट आजच्या काळात येतो, कारण स्वतः गाणी काढताना सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मिरजकर दादा, स्वतः काढायचं तर मधला वितरक लागतो, तो तुमचं गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, इन्स्टाग्राम सगळीकडे पोचवतो. डिस्ट्रोकिडला वर्षाची वर्गणी. वर्गणी थांबली की गाणी उतरतात, कायम ठेवायची तर प्रत्येक रिलीजला वेगळे पैसे. सीडी बेबी एकदाच पैसे घेते आणि कमाईतले ९ टक्के ठेवते. राऊटनोटच्या फुकट योजनेत १५ टक्के जातात. मास्टर मात्र या सगळ्यांत तुमचाच राहतो.

आता घोळ. आमच्या गायकाच्या नावाचा आणखी एक गायक आहे, तो भोजपुरी गातो. आमची तीन गाणी महिनाभर त्याच्या पानावर होती. कलाकाराचं पान आधी ताब्यात घ्या, मग गाणं सोडा. भाषा भरताना मराठी निवडा, एकदा चुकून हिंदी पडलं की मराठी प्लेलिस्टवाल्यांना तुम्ही दिसतच नाही. गाण्याचं नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये, यावर आमच्याकडे भांडणं झालीत. लोक शोधतात रोमनमध्ये, आणि "ळ" कसा टाइप करतील याचा नेम नाही. गीतकार-संगीतकाराची पूर्ण नावं भरा, टोपणनावं नकोत, नाहीतर पुढे रॉयल्टी जुळत नाही. तयार विकत मिळणारे लूप (ताल-सुरांचे आयते तुकडे) वापरले असतील तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे गाणं ओळखून आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेला, ते गाणं देऊ नका, तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्याशी दाव्यांची मारामारी होते.

पैशांचं म्हणाल तर २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याला मास्टरची रॉयल्टीच नाही. गाणी ऐकायच्या अ‍ॅपपैकी रेसो भारतातून गेलं, विंक बंद पडलं. एका घोड्यावर सगळं लावू नका.

मिरजकर_तंबोरा

बापरे, एवढं सगळं! वाचतोय, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलंय. आमच्यात लूप नाहीत, ढोलकी खरी आहे.

कर्वेरोडी काका, अलूरकरांकडून घेतलेल्या कॅसेट वडिलांकडे अजून आहेत.

श्टुटगार्टची_शेवंती

मी जर्मनीतून लिहितेय. इथे गाणारी एक छोटी मराठी मंडळी आहे, आम्ही बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर विकतो. ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के घेतात, किंमत तुम्ही ठरवायची, आणि ऐकणाऱ्याला वाटलं तर तो जास्त देऊ शकतो. महाराष्ट्र मंडळांतले लोक एका अल्बमला सात-आठ युरो आनंदाने देतात. काही जण त्याहून जास्त टाकतात आणि सोबत लिहितात की आईला पाठवलंय. पण असे लोक हजारांत नसतात, शंभरांत असतात. यावर घर चालत नाही, पुढच्या रेकॉर्डिंगचा काही भाग निघतो.

तुमचं गाणं कवितेचं आहे, नाचाचं नाही. लेबलच्या काही लाख सबस्क्रायबरना नक्की काय ऐकायची सवय आहे ते बघा. लग्नाची डीजे गाणी ऐकणाऱ्यांसमोर संथ कविता टाकली तर ते तीस सेकंदांत पुढे जातील.

पडद्यामागचा

शेवंती ताईंचा दुसरा परिच्छेद सोन्याचा आहे.

खोलीतला_स्टुडिओ

एक मात्र बोलतो, लेबल म्हणजे वाईटच असं ठरवू नका. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं "तांबडी चामडी" आलं, मराठी हाऊस संगीत, आणि ते काढलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. ते गाणं पोरांनी स्वतः काढलं असतं तर जगभरच्या डीजेंच्या हातात इतक्या लवकर गेलं असतं का? त्या प्रकारच्या संगीतात त्या लेबलचं वजन आहे. प्रश्न लेबल आहे की नाही हा नाही, त्या लेबलला तुमच्या प्रकारचं गाणं विकता येतं का हा आहे.

पंचमातली_पोर

पुन्हा रेकॉर्ड न करण्याच्या कलमाबद्दल कुणीच काही बोललं नाही अजून. टेलर स्विफ्टचं प्रकरण त्याचंच की. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिला न विचारता दुसऱ्याला विकले गेले. करारातली बंदी संपली तशी तिने एकेक अल्बम पुन्हा गायला, २०२१ पासून. चाहत्यांनी नवे ऐकले, जुन्यांची पत उतरली. शेवटी २०२५ मध्ये तिने मूळ मास्टरच विकत घेतले.

टवाळ_तात्या

मिरजेतून टेलर स्विफ्ट. धाग्याने आज काय काय पाहिलं.

कलम_कसाई

तात्या, हसू नका, उदाहरण चोख आहे. पण तिला हे जमलं कारण गाणी तिने लिहिली होती. मास्टर गेले तरी शब्द-चालीवरचा हक्क तिच्याकडे होता. मिरजकरांच्या करारात "सर्व हक्क" आहे, म्हणजे मास्टरसोबत चालही जाते. ती गेली तर पाच वर्षांनी पुन्हा गायची मुभा असून उपयोग काय, परवानगी त्यांचीच लागणार. मास्टर द्यायचाच असेल तर द्या, चाल आणि शब्द हातचे सोडू नका.

पडद्यामागचा

आणि त्या प्रकरणानंतर बाहेरच्या मोठ्या लेबलांनी हे बंदीचं कलम लांबवायला घेतलं. पाच वर्षं मागतायत म्हणजे तुमचे लोक जरा जुन्या वळणाचे आहेत.

चारोळीग्रस्त

सगळे गायक-वादकांबद्दल बोलताय. कवीचं काय? मिरजकर साहेब, तुमच्या कवीमित्राने काही लिहून दिलंय का? की "घे रे, लाव चाल" एवढ्यावरच?

मी विचारतो कारण माझ्या ओळींवर एक गाणं झालं, छान झालं, पण ते कुठे दिलं, कुणाला दिलं, मला वर्तमानपत्रातून कळलं. आभाराचा फोन आला, रॉयल्टीचा नाही.

मिरजकर_तंबोरा

@चारोळीग्रस्त, तोंडी आहे. जुना मित्र आहे, कागद कधी लागलाच नाही.

कलम_कसाई

मग आजच करा, आणि मैत्री आहे तोवरच करा. शब्द त्यांचे असताना तुम्ही "सर्व हक्क" लेबलला देऊच शकत नाही. करारात बहुधा कुठेतरी असंही असेल की सर्व परवानग्या तुमच्याकडे आहेत आणि वाद झाला तर भरपाई तुम्ही कराल. म्हणजे उद्या कवीमित्राच्या मुलाने आक्षेप घेतला तर नोटीस लेबलला नाही, तुम्हाला येईल. गायिकेचंही तसंच. गाणाऱ्याला कायद्यात वेगळा हक्क आहे, रॉयल्टीचाही. चौघांत आणि कवीत मिळून आधी आपसात एक साधा करार करा, कुणाचा किती वाटा, गाणं कुणाला द्यायचं हे कसं ठरवायचं, कुणी गट सोडला तर काय. लता आणि रफी काही वर्षं एकमेकांसोबत गात नव्हते ते याच रॉयल्टीच्या प्रश्नावरून. तुमचा ढोलकीवाला त्यांच्याहून सोशिक असेल असं धरून चालू नका.

पहाटपाळी

मी दिवाळी पहाट आणि गणेशोत्सवाचे कार्यक्रम लावतो. खरं सांगतो, तुमच्यासारख्या गटाला स्ट्रीमिंगच्या वर्षभराच्या पैशांपेक्षा एका बऱ्या पहाटेचं मानधन जास्त मिळतं. मी बोलावताना व्ह्यूज बघत नाही असं नाही, पण पंधरा मिनिटं सलग ऐकून बघतो. रसिक पाच वाजता थंडीत येऊन बसतात ते व्हिडिओतल्या नाचासाठी नाही.

म्हणून करारात हे बघा: स्वतःचीच गाणी कार्यक्रमात गायला त्यांची परवानगी लागणार का, आणि मानधनात त्यांचा वाटा आहे का. असला तर तिथूनच परत फिरा. शिवाय आयपीआरएसचे सभासद व्हा. कार्यक्रमाचा परवाना आयोजक काढतो, कोणती गाणी झाली त्याची यादी गेली तर तुमच्या चालीचे पैसे तुमच्याकडे येतात. यादी देतच नाहीत बरेच गट. मग पैसे कुणाचे म्हणून वाटायचे?

जत्रेतला_भोंगा

पहाटपाळी, तुम्ही म्हणताय ते माझे वडीलच बोलतायत असं वाटलं. कॅसेट नावासाठी, सुपारी पोटासाठी.

पण काका, तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. आता आहे. म्हणून आता तोच हिशेब लावू नये.

मिरजकर_तंबोरा

उशिरा लिहितोय, माफ करा, मधे पावसाने नेटच नव्हतं.

लेबलशी बोललो. दहा गाण्यांवरचं कलम त्यांनी लगेच काढलं, जणू काढण्यासाठीच ठेवलं होतं. कार्यक्रमांवर त्यांचा हक्क नाही, हे लिहून देतायत. व्हिडिओचा खर्च त्याच गाण्यातून वळता करायला तयार आहेत, वरची मर्यादाही मान्य. "कायमचे" मात्र सोडत नाहीत. मी सात वर्षं म्हटलं, ते म्हणाले आमची तशी पद्धत नाही.

मग आम्ही दुसरी गोष्ट सुचवली. सातपैकी एकच गाणं, जे त्यातल्या त्यात ठेक्याचं आहे, ते त्यांना द्यायचं, फक्त मास्टर, चाल-शब्द आमच्याकडे. बाकी सहा आम्ही स्वतः काढणार. यावर ते विचार करून सांगणार आहेत. कवीमित्राला कागद दाखवला. तो म्हणाला, तुला माझ्यावर विश्वास नाही का, आणि मग बसून तीन दुरुस्त्या सुचवल्या.

गायिका नाराज आहे. तिचं म्हणणं, जे गाणं लेबलला देतोय ते तिचं सगळ्यात आवडतं आहे आणि तेच आपण कायमचं घालवतोय.

श्टुटगार्टची_शेवंती

गायिकेचं ऐका. वाटलं तर दुसरं गाणं द्या.

पडद्यामागचा

दुसरं गाणं ते घेणार नाहीत, त्यांनाही ठेक्याचंच हवं असणार. पण एक गाणं देऊन सहा राखणं हा वाईट सौदा नाही. त्यांच्या व्हिडिओखाली वर्णनात आणि पहिल्या कमेंटमध्ये तुमच्या चॅनलची लिंक देणं बंधनकारक, असं करारात घाला. लोक हे मागायला विसरतात.

ऊसपट्टा

आणि हिशेब दर सहा महिन्यांनी, लेखी. तपासायला आपला माणूस पाठवायची मुभा.

मिरजकर_तंबोरा

दोन्ही घातलं. शेवटचा एक प्रश्न, खोलीतला_स्टुडिओ यांना. सहापैकी दोन गाणी आधीच घाईत एका वितरकातून टाकून ठेवलीत, दिवाळीला थोडे लोक ऐकतील म्हणून. पुढे वितरक बदलला तर ऐकल्याचे आकडे शून्यावर येतात का?

खोलीतला_स्टुडिओ

नाही, पण काळजी घ्यावी लागते. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक असतो, तो वितरकाने दिला असेल. जुन्या खात्यातून तो उतरवून घ्या आणि नव्या ठिकाणी नवा न घेता तोच टाका. गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव, लांबी, सगळं हुबेहूब ठेवा. नवं चढून दिसायला लागल्यावरच जुनं उतरवा, आधी नाही. आणि सगळ्या गाण्यांचे क्रमांक, कवीच्या सहीचा कागद, स्टुडिओची पावती एकाच फोल्डरमध्ये ठेवा, दोघांकडे प्रत असू द्या. आमच्याकडे हे सगळं एकाच्या लॅपटॉपवर होतं आणि तो आता दुबईला आहे.